५० जोड चपला घेण्याआधी

पुण्यात बेघरांना चपला वाटायच्या म्हटलं की बहुतेक गटांचा क्रम ठरलेला असतो. वर्गणी काढायची, रविवार पेठेत जायचं, सगळ्यात स्वस्त स्लीपर बघायची, सगळे जोड आठ-नऊ नंबरचे उचलायचे आणि शनिवारी रात्री स्टेशनच्या बाहेर वाटून यायचं. पंधरा दिवसांनी त्याच फुटपाथवर अनवाणी पाय दिसले की कुणीतरी म्हणतंच, "दिलेलं विकून टाकतात हो." काही जण विकतातही, आणि त्यात एवढं चिडण्यासारखं काही नाही. पण बऱ्याच चपला नंबर बसत नाही म्हणून पडून राहतात, अंगठा तुटतो म्हणून टाकल्या जातात किंवा झोपेत उशाखालून जातात. पहिली दोन कारणं दुकानातच टाळता येतात आणि तिसरंही थोडंफार.

आधी नंबराचं बघू, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे वाया जातात. आपल्याकडचे नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. वहाणेत तेवढं चालून जाईल असं वाटतं, पण जात नाही. स्लीपर एक नंबर मोठी असेल तर पुढचं टोक फुटपाथच्या फरशीत अडकतं, आणि लहान असेल तर टाच मागे जमिनीवर येऊन भेगाळते. चामड्यावर संशोधन करणाऱ्या चेन्नईच्या केंद्रीय संस्थेनं देशभरातल्या लाखभर माणसांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल इंग्लिश मापांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. वर्षानुवर्षं अनवाणी चाललेला पाय चवड्याशी आणखी पसरतो. म्हणून लांबीनं आठ नंबर बसणाऱ्या माणसाला आठ नंबरचा बंद बूट बरेचदा करंगळीला चावतो.

तेव्हा वाटपाच्या आठ-दहा दिवस आधी एक फेरी फक्त मापं घेण्यासाठी करावी. जाड पुठ्ठ्याचा फूटभर लांब तुकडा घ्या आणि एका टोकाला दुसरा तुकडा काटकोनात उभा चिकटवा. टाच त्या उभ्या तुकड्याला टेकवायची. पुठ्ठ्यावर सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवा. माणसाला दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहू द्या, बसून माप कमी येतं. पाऊल २४.५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर नंबर ६, २५.५ ला ७, २६.५ ला ८, २७ च्या थोडं पुढे ९ आणि २८ ला १०. काही चपलांवर, विशेषतः क्रॉक्ससारख्या बंद सॅंडलवर, ४०-४१-४२ असे युरोपी आकडे असतात. त्यात ढोबळमानानं ४० म्हणजे ६, ४१ म्हणजे ७, ४२ म्हणजे ८. हे आकडे कंपनीगणिक एखाद्या घरानं सरकतात, म्हणून दुकानात त्याच पुठ्ठ्यावर चप्पल ठेवून बघा. माप शक्यतो संध्याकाळनंतर घ्यावं. दिवसभर उभं राहून किंवा रात्र-रात्र बसून झोप काढून पाय सुजलेले असतात, आणि चप्पल त्या पायात बसायला हवी.

"तुमचा नंबर किती, दादा?" एवढं विचारलं की काम होतं असं नाही. पायातली जुनी चप्पल कुणीतरी दिलेली किंवा कचऱ्यातून मिळालेली असते, त्यामुळे तिच्यावरचा नंबर त्या माणसाचा असेलच असं नाही. वयस्क बाईंना "मावशी, जरा पाय ठेवता का इथं" म्हणून पुठ्ठा पुढे करावा. पाय आपण होऊन हातात घेऊ नये.

मापं घेणं जमलंच नाही, तर ५० जोडांची ढोबळ वाटणी अशी ठेवता येते. पुरुषांचे ३४ जोड: सहा नंबरचे ४, सातचे ९, आठचे ११, नऊचे ७, दहाचे ३. बायकांचे १२: चारचे २, पाचचे ४, सहाचे ४, सातचे २. उरलेले ४ मुलांचे. स्टेशन आणि मार्केट यार्डाकडे पुरुष जास्त असतात. पुलाखाली किंवा सिग्नलजवळ कुटुंबं राहत असतील तर हे प्रमाण पूर्ण बदलतं, मग मात्र माप घेतल्याशिवाय जाऊ नका.

होलसेलमध्ये गेल्यावर एक गंमत कळते: तुम्हाला हवी ती वाटणी तिथे मिळत नाही. माल सेटमध्ये येतो. खोक्यावर ६×१० लिहिलेलं असतं, म्हणजे सहापासून दहापर्यंतचे नंबर, मधल्या नंबरांचे जोड जास्त आणि टोकाचे कमी. खोकं न फोडता घेतलं तर भाव बरा पडतो. सुटे नंबर मागितले की जोडामागे दहा-वीस रुपये चढतात. तरीही सुटेच घ्यावेत, कारण सेटमधले न लागणारे जोड घरी पडून राहिले तर स्वस्ताई तिथेच संपली.

आता चप्पल कुठली. आमचं मत ठाम आहे: रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला मागे पट्टा असलेली, पाण्यात भिजून लगेच सुकणारी, गडद रंगाची सॅंडल द्यावी. अंगठ्याची स्लीपर ही दुसरी पसंती. बंद बूट फक्त ज्यानं मागितला त्याला.

मागचा पट्टा हवा, कारण ही माणसं दिवसाला बरीच चालतात आणि सैल चप्पल धरून ठेवायला पायाची बोटं सतत आवळावी लागतात. रात्री कुणी हाकललं तर पळताही आलं पाहिजे. शिवाय पट्टा बांधून झोपता येतं, म्हणजे चोरीचा प्रश्न बराच सुटतो. बकल वेलक्रोपेक्षा टिकतं. वेलक्रोमध्ये चिखल, केस, धागे अडकले की महिन्या-दोन महिन्यांत तो धरेनासा होतो. पण ज्यांची बोटं झडलेली किंवा आखडलेली आहेत त्यांना बकल लावता येत नाही, त्यांना वेलक्रोच द्यावा. पट्टा जिथे सोलमध्ये जातो ती जागा दोन्ही हातांनी ओढून बघा. नुसता चिकटवलेला असेल तर पहिल्या पावसात सुटतो. लोखंडी रिव्हेट असेल तर आतून बोट फिरवून बघा. ती गंजते आणि तिची कड पायाला लागते.

सोलचा माल चार प्रकारचा मिळतो आणि दुकानदार चारहींना "एकदम मजबूत" म्हणतो. ईव्हीए म्हणजे तो हलका, फेसासारखा माल. पाणी पीत नाही, धुवायला सोपा, पण काँक्रीटवर चालून टाचेखाली दबतो आणि मग खडा थेट लागतो. दोन सारख्या आकाराच्या ईव्हीए चपला हातात घेतल्या तर जी जड ती जास्त टिकते. फारच हलकी असेल तर त्यात माल कमी आणि हवा जास्त. टाच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. सहज निम्म्यापर्यंत दबली तर सोडून द्या. खाली रबराचा वेगळा पातळ थर असलेली ईव्हीए मिळाली तर तीच घ्या. आणि उन्हाचं लक्षात ठेवा: ईव्हीए तापली की आक्रसते. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पोती ठेवून दिली तर आठ नंबरचा जोड सात नंबरचा होऊ शकतो.

पीव्हीसी स्वस्त असते, पाण्याला दाद देत नाही, पण जड असते, पायाला घाम आणते आणि थंडीत कडक होते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा जुनी पीव्हीसी वाकते त्या रेषेवर चिरते. ओल्या गुळगुळीत फरशीवर ती घसरते ते वेगळंच. दुकानदाराला सांगून फरशीवर पाणी टाकून चालून बघा. तो हसेल, हसू द्या. रबराची स्लीपर पकडीला सगळ्यात चांगली. तिच्यावर आयएसआयची खूण आणि आयएस १०७०२ हा क्रमांक असेल तर ती हवाई चपलेच्या भारतीय मानकाप्रमाणे बनलेली आहे.

चौथा प्रकार पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दिसायला देखणा, घालायला मऊ, आणि दानासाठी सगळ्यात दगाबाज. दमट हवेत पीयू आतल्या आत विघटित होत जातो, न वापरताही. दुकानात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला बूट कोरा करकरीत दिसतो आणि चौथ्या दिवशी सोलचा भुगा होतो. "जुना स्टॉक आहे, निम्म्या किमतीत घ्या" म्हणून जे मिळतं त्यात असे बरेच जोड असतात. खोक्यावर किमतीसोबत उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. दोन वर्षांपेक्षा जुना पीयू फुकट दिला तरी घेऊ नका. कारखान्यांतून बदलून टाकलेले सेफ्टी शूज चाकण-भोसरीकडून मिळतात, त्यांचे सोलही बरेचदा पीयूचेच. त्यात पुढे लोखंडी वाटी, वजन भरपूर. हमाली करणारा एखादा माणूस आवडीनं घेईल, बाकीच्यांना ते ओझं.

रंग काळा, तपकिरी किंवा गडद निळा. भडक आणि मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल असलेले बूट चोरीला लवकर जातात. आपल्या मंडळाचं नाव चपलेवर छापून घेण्याची हौस काहींना असते. तो खर्च मोज्यांवर करावा.

भावाचं म्हणाल तर जाड रबरी स्लीपर १२० ते १८० रुपयांत, मागे पट्टा असलेली ईव्हीए किंवा रबरी सॅंडल २०० ते ३०० त, कॅनव्हास किंवा साधे बंद बूट ३०० ते ४५० त असा सर्वसाधारण अंदाज धरा. होलसेलला यातून काही कमी होतं, मोसमाप्रमाणे हलतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यामुळे कुणी अजून १२ टक्के लावून हिशेब करत असेल तर बिल नीट बघा. ५० जोडांचा हिशेब असा बसवता येतो: पट्ट्याच्या ३० सॅंडल २२० नं ६,६००, रबरी स्लीपर १२ जोड १३० नं १,५६०, बंद बूट ८ जोड ३५० नं २,८००. बुटांना शिलाई जोडामागे ६० धरून ४८०, स्लीपरचे जादा पट्टे १२ जोड २५ नं ३००. बेरीज ११,७४०. हातात १५,००० असतील तर उरलेले सव्वातीन हजार त्याच दिवशी खर्चू नका. पहिल्या वाटपात कुठले नंबर कमी पडले ते कळल्यावर ते कामी येतात.

खरेदीच्या जागा पुणेकरांना नव्यानं सांगायला नकोत. रविवार पेठ आणि बोहरी आळीच्या भागात होलसेलची चौकशी आधी करावी. सकाळी अकरा-साडेअकराला गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो, सणाच्या तोंडावर मुळीच नसतो. तुळशीबाग आणि हाँगकाँग लेन बायकांच्या नाजूक चपलांसाठी ठीक, या कामाला नाही. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून बंद बूट मिळतात, पण सोल नुसते चिकटवलेले. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेले बूट मिळतात, पुरुषांचे आठ-नऊ नंबर जास्त. एखाद्या माणसासाठी नेमका जोड शोधायचा असेल तर तिथे जा, पन्नासांसाठी नाही.

वेळ साधली तर बरेच पैसे वाचतात. शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून ऑगस्टपर्यंत शाळेच्या बुटांचे उरलेले नंबर दुकानदाराला नकोसे झालेले असतात. काळे वेलक्रोचे बूट मुलांना तर चालतातच, पण मोठे नंबर छोट्या पावलाच्या बायकांनाही बसतात. पावसाळी चपला सप्टेंबरअखेर उतरतात. त्या घेऊन पुढच्या जूनपर्यंत ठेवायच्या असतील तर रबर किंवा पीव्हीसीच घ्या, सावलीत ठेवा, आणि एकावर एक दहा थर रचू नका. खालचे जोड चेपून तसेच राहतात.

बंद बूट घेतलेच तर वाटण्याआधी मोच्याकडून सोलला कडेनं शिलाई मारून घ्या. स्वस्त बूट फक्त पेस्टिंगवर उभा असतो आणि चार दिवस ओला राहिला की पुढून तोंड उघडतो. शिलाईच्या भोकांतून थोडं पाणी आत येतं, ते चालेल. ईव्हीएच्या मऊ सोलला मात्र दोरा घट्ट ओढला तर तो माल कापत जातो. मोच्याला आधी सांगून ठेवा आणि एक जोड करून बघा.

स्लीपर तुटते ती जवळपास नेहमी पुढच्या अंगठ्याशी. तिथली गुंडी सोलच्या भोकातून वर निघते, भोक मोठं होत जातं, आणि मग लोक खालून सेफ्टी पिन लावतात, जी एक दिवस पायात घुसते. म्हणून स्लीपरसोबत जादा पट्टे द्यायचे. पालखीच्या मुक्कामात वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे मोची पुण्यात दिसतात. तीच रीत इथे उचलावी: वाटपाच्या रात्री एका मोच्याला त्याची पूर्ण मजुरी देऊन सोबत न्यावं. ज्याची चप्पल बरी आहे पण पट्टा गेलाय, त्याला दुरुस्त केलेली स्वतःची चप्पल नव्यापेक्षा जास्त आवडते, आणि आपला एक जोड वाचतो.

घराघरांतून जुने जोड गोळा करायचे असतील तर निम्मे टाकावे लागतील असं धरूनच चाला. उंच टाचा, निमुळते ऑफिसचे बूट, कोल्हापुरी (पाण्यात फुगते आणि मग चावते), तळ एका बाजूनं झिजलेले, सोल वाकवल्यावर चिरा दिसणारे, हे सगळं बाजूला. उरलेल्यांतले आतले सोल काढून नवे घाला, कारण आधीच्या माणसाच्या पायाचा ठसा आणि बुरशी दोन्ही त्यातच असतात. साबणाच्या पाण्यानं घासून दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवा. कडक उन्हात गोंद सुटतो. मग प्रत्येक जोड सुतळीनं बांधून त्यावर टेपची पट्टी लावून मोठ्या अक्षरात नंबर लिहा. पोत्यात सुटे टाकलेले बूट रात्रीच्या अंधारात जोडीनं कधीच सापडत नाहीत.

काही पायांना यातलं काहीच चालत नाही. मधुमेह किंवा कुष्ठरोगानं तळव्याची संवेदना गेली असेल तर खिळा घुसला तरी कळत नाही आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशा माणसाला अंगठ्याची स्लीपर देऊ नये. बोटांच्या बेचक्यात घासून जखम होते आणि ती त्याला जाणवत नाही. त्याला लागते एमसीआर चप्पल: आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली कडक सोल, कुठेही खिळा नाही, पट्टे रुंद आणि मागून बांधलेले. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ही पादत्राणं रुग्णांना दिली जातात. कोंढव्याला डॉ. बंडोरवाला शासकीय कुष्ठरोग रुग्णालय आहे, तिथे माणसाला नेऊन चौकशी करणं हे बाजारातून अंदाजे काही आणण्यापेक्षा कितीतरी बरं. उघडी जखम असेल तर आधी मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, चप्पल नंतर. पावसाळ्यात रस्त्यावरच्या साठलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस चिरलेल्या त्वचेवाटे शिरतो, त्यामुळे भेगाळलेल्या टाचांकडे तेवढ्यापुरतं दुर्लक्ष करू नये.

मोजे सुतीच द्यावेत, माणशी दोन जोड, आणि फक्त बंद बुटासोबत किंवा थंडीत झोपताना घालायला. नायलॉनचे मोजे भिजले की पाय आतल्या आत पांढराफटक होऊन सोलतो.

वाटपाची वेळ रात्री साडेनऊ ते अकरा. दुकानं बंद झालेली असतात, माणसं अंथरूण टाकत असतात, अजून झोपलेली नसतात. पहाटे गेलात तर मजुरीला जाणारे निघून गेलेले असतात. झोपलेल्याच्या उशाशी चप्पल ठेवून येऊ नका; तो उठेपर्यंत ती तिथे नसते. पोती नंबरवार वेगळी ठेवा, एकानं नंबर सांगायचा, दुसऱ्यानं जोड काढायचा, तिसऱ्यानं समोर बसून घालून बघायला मदत करायची. दहा पावलं चालायला सांगा. टाच मागे येते का, पट्टा घासतो का, तेव्हाच कळतं. जुनी चप्पल परत मागू नका, ती बरेचदा राखीव म्हणून ठेवायची असते. फोटो नकोत.

रस्त्यावरचं वाटप जमत नसेल तर महापालिकेच्या रात्र निवाऱ्यांमध्ये आधी नंबरांची यादी मागून तेवढेच जोड पोचवा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. अपघातात किंवा बेशुद्धीत आणलेला निराधार रुग्ण बरा होऊन निघतो तेव्हा त्याच्याकडे अनेकदा चप्पल नसते. तिथे सात, आठ आणि नऊ नंबरचे मिळून दहा-बारा जोड ठेवायला घेतात का ते विचारा.

वर्गणीदारांपैकी कुणी ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मागेल. वस्तूरूपानं दिलेल्या दानाला ती सवलत मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेला पैसे दिले तरच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत. हे वर्गणी काढतानाच सांगून टाका. तसंच दुकानदाराकडून "न लागलेले कोरे जोड आठ दिवसांत दुसऱ्या नंबरात बदलून देऊ" हे बिलावर लिहून घ्या, आणि तोवर त्या जोडांचे टॅग कापू नका.